शहाणं बाळ

लेकीच्या बाळंतपणाची तयारी करावी तर बायजानंच, हे तिचा दुस्वास करणाऱ्यांनाही कबूल करावं लागेल. अक्षदाला सातवा लागला नि बाईनं पदर खोचला. डिंक आला, सुंठ आली, आळीव आले, बाळंतशेपा निवडून झाली. जुनी सुती लुगडी फाडून, उकळत्या पाण्यातून काढून त्यांच्या दुपट्यांची एवढी मोठी चळत तिनं रचली की सहदेव, तिचा नवरा, म्हणाला, "अगं, एक पोर येणार हाय का बालवाडी भरणार हाय?" बाज नव्यानं विणून घेतली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बाळासाठी विकत मात्र काही आणलं नाही, साधं टोपडंसुद्धा नाही. पोटातल्या जिवाचं आधी आणून ठेवू नये, असं तिचं पक्कं होतं.

आणि अंगणाच्या मधोमध तिनं हिरवी जाळी बांधून घेतली.

आता ही जाळी कशाला, तर ऐका. चौक गावावरून आत वळलं, जुन्या हायवेचा आवाज मागं राहिला, की त्यांचं गाव. घर मुळात एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. एका अर्ध्यात बायजा आणि सहदेव. दुसऱ्या अर्ध्यात बायजाची थोरली जाऊ सुंदरा. सुंदराचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, एकुलती लेक सुनिता पळसदरीला दिलेली, तेव्हा भिंतीपलीकडं सुंदरा एकटीच. अंगण एक, नळ एक. आणि छत्तीस वर्षं दोघी जावांत एका शब्दाचं बोलणं नाही.

"तिची सावलीबी पडता कामा नये माझ्या नातवंडावर," बायजा जाळी बांधणाऱ्या सहदेवाला म्हणाली. "एक नेलाय तिनं माझा."

सहदेवानं दोरी ताणली आणि गाठ मारली. या विषयावर बोलणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

बायजाचा पहिला मुलगा याच घरात झाला. रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. बायजा वीस वर्षांची. पोरगा गोरापान, लांब हातापायांचा. घरात सासू होती, गावची सुईण होती, सगळं जिथल्या तिथं झालं. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा मांडली. पाट्यावर सटवाई बसवली, पोराचं नशीब लिहायला तिच्यापुढं कोरा कागद नि लेखणी ठेवली, आळीतल्या बायका जमल्या. तेवढ्यात सुंदरा आपली सात महिन्यांची सुनिता कडेवर घेऊन आत आली, बाळावर वाकली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगं, हे असं काय दिसतंय गं पोर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बायजाला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. उलट तिनंच गावाला सांगितलं. नळावर सांगितलं, गिरणीत दळणाच्या रांगेत सांगितलं, हळदीकुंकवाला जाईल तिथं सांगितलं. वर्षभरात सुंदराला बारशाचं बोलावणं यायचं बंद झालं. डोहाळजेवणाला तिला कुणी विचारीना. ती नळावर आली की बायका कडेवरचं पोर पदराखाली घ्यायच्या, आणि ते तिला दिसेल असं घ्यायच्या. पुढं बायजाला सुनील झाला, मग उशिरानं अक्षदा. दोघांनाही तिनं सव्वा महिना छातीशी धरून पदराखाली ठेवलं, क्षणभर खाली टाकलं नाही. कुणाच्या नजरेलाच पडू दिलं नाही. दोघं धडधाकट जगली, आणि बायजाचा संशय होता तो दगडावरची रेघ झाला.

अक्षदा सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी झाली, दोन किलो सहाशे. टाके पडले, पण दोघी सुखरूप. जावई ऋतिक खोपोलीला कंपनीत पाळीवर होता, तो दुपारी पेढे घेऊन धावत आला. सिस्टरनं बाळ पुसून घेतलं आणि लगेच अक्षदाच्या उघड्या छातीवर ठेवलं. अर्ध्या तासात अंगाला लावलंसुद्धा. बायजा बाजूला उभी राहून बघत होती आणि तिला ते रुचत नव्हतं. कारण ते दूध नव्हतंच अजून, चीक होता. पिवळा, दाट, चिकट. सासूनं तिला शिकवलं होतं, चीक म्हणजे नऊ महिने साठलेलं नासकं. तो पिळून भिंतीला लावायचा, बाळाच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. पाचवी झाली की मग पाजायचं.

"सिस्टर, ह्यो चीक हाय वो," ती म्हणाली.

"मग? तोच पाहिजे. बाळाची पहिली लस समजा, काकी. दुसरं काय द्यायचं नाय हां तिला. पाणीबी नाय."

बायजानं मनाशी म्हटलं, दवाखान्यात त्यांचं राज्य, घरी गेल्यावर आपलं.

बुधवारी दुपारी घरी आणलं. आणि अक्षदाचे हाल सुरू झाले. टाके ठणकत होते, धड बसता येत नव्हतं. बाळ अंगाला लावलं की ती ओठ चावायची आणि पायाची बोटं आवळून घ्यायची, कारण बोंडशांना चिरा पडून रक्त यायला लागलं होतं. दूध उतरू लागलं तशी छाती तापून दगड झाली. तीन दिवस तिची पापणी पापणीला लागली नव्हती. बाळानं नुसतं तोंड वाकडं केलं तरी ती दचकायची. "आई, उठली गं ती परत," म्हणायची आणि रडायला लागायची. "मला नाय जमत. माझ्यातच खोट हाय कायतरी."

आईचंच काळीज ते, कसं बघवेल? बायजाला भडभडून आलं. तिनं लेकीचं तोंड पुसलं. "काय खोट नाय नि काय नाय. बाळंतपण म्हंजे बाईचा दुसरा जन्म. तू आता झोप. पोरीचं मी बघते. मी हाय ना?"

"पण सिस्टर म्हणाल्या होत्या..."

"सिस्टरला पोरं किती? मी तीन बाळंतपणं काढलीत."

अक्षदानं मान उशीवर टेकली. तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. बायजानं तिला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, ओवा-शेपाची धुरी दिली, पोट करकचून बांधलं आणि बाजेवर आडवं केलं. मग बाळ उचलून स्वयंपाकघरात आपल्या चटईवर नेलं, पदराखाली घेतलं. वाटीत गुळाचं पाणी केलं, कापसाचा बोळा त्यात भिजवला आणि बाळाच्या ओठांशी धरला. बाळानं तो चटाचटा ओढला. बघा, म्हणाली बायजा मनाशी, एवढं सोपं असतं.

गुरुवारी सकाळी बाळ जरा किरकिरलं. बोळा दिला, निजलं. दुपारी थोडं कण्हलं. बोळा दिला, निजलं. संध्याकाळपर्यंत तर आवाजच नाही. अक्षदा उठली तेव्हा तिला ताप भरला होता, छाती फुटेल की काय असं झालं होतं. बायजानं तिला मोरीत बसवून चीक पिळून काढला आणि पिवळे ओघळ भिंतीवरून खाली गेले.

"आता लावू का तिला?" अक्षदानं विचारलं.

"निजलीय शांत. कशाला उठवतीस? उद्या पाचवी होऊ दे, मग पाज खुशाल."

आणि त्या संध्याकाळी बायजानं विहीणबाईंना फोन लावला. "लई शहाणी हाय हो नात आपली," ती कौतुकानं म्हणाली. "दिवसभर रडली नाय. आईला इश्रांती देतेय."

शुक्रवारी सकाळी पाचवीची तयारी चालली होती. बायजा पाटा धूत होती तोच गावातली आशा सेविका ललिता दारात येऊन उभी राहिली. चालत नव्हे, जवळजवळ पळत आली होती. खांद्याला तिची निळी थैली, त्यात वजनकाटा नि थर्मामीटर.

"बाळ कुठाय, काकी?"

"ये गं, ये. बघ तर किती शहाणी हाय. कालपासनं रडली नाय."

ललिता हसली नाही. तिनं हात धुतले, दुपटं सोडलं, बाळाच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. एकदा मारली, दोनदा मारली. बाळानं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज निघाला नाही. ललितानं त्या तोंडात करंगळी घातली, ती कोरडी बाहेर आली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली.

"लघवी किती वेळा केली कालपासनं?"

बायजानं कोपऱ्यातल्या चळतीकडं बोट दाखवलं. "त्यातबी शहाणी. एकच दुपटं झालंय."

ललितानं काटा काढला, झोळी अडकवली, बाळ त्यात ठेवून वर धरलं. काटा दोन किलो दोनशेवर थांबला.

"सोमवारी सहाशे होते. चारशे ग्राम गेलं कुठं, काकी? काय दिलंत हिला?"

बायजानं वाटी पुढं केली. तळाशी गुळाचं पाणी नि त्यात तपकिरी झालेला बोळा. ललितानं वाटीकडं बघितलं, मग मोरीच्या भिंतीकडं बघितलं, आणि तिचा तोल गेला.

"गाय व्याली की चिकाचा खरवस करून आळीभर वाटता! आन् पोरीचा चीक भिंतीला? गुळाच्या पाण्यानं पोट फुगलं की बाळ ओढत नाय, ओढलं नाय की दूध येत नाय, किती येळा सांगितलं मी बैठकीत? तुमी पुढंच बसला होता ना?"

बायजा पुढंच बसली होती. पण तिला वाटलं होतं, हे पाड्यांवरच्या, न शिकलेल्या पोरींसाठी चाललंय. आपण थोड्याच चुकणार.

त्यानंतर बोलायला कुणाला वेळ नव्हता. ललितानं फोन करून गाडी बोलावली. गाडी येईस्तोवर तिनं अक्षदाला बसवलं, छाती कशी दाबायची ते दाखवलं आणि स्वच्छ वाटीत दूध काढून घेतलं. चमच्यानं थेंब थेंब बाळाच्या ओठांवर सोडलं. पहिले थेंब गालावरून ओघळले. मग एक गिळला. अक्षदाचे हात थांबले नाहीत. बायजा हात पुढं करून मधे उभी होती, आणि तिला कुणी काही करायला सांगत नव्हतं.

दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात बारीक नळी घातली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रागावल्या नाहीत. बरं झालं आज आणलंत, एवढंच म्हणाल्या. अक्षदाला आत घेतलं. ऋतिक यायचा होता. बाहेरच्या बाकड्यावर बायजा आणि ललिता उरल्या.

बायजानं विचारलं, "भूक लागली व्हती तिला, तर रडली का नाय?"

"रडायलाबी ताकद लागते, काकी. पहिले दोन दिवस रडतं बाळ. मग दमतं. लोकांना वाटतं, शांत झालं."

"मग?"

"मग झोपतं. पिवळं पडतं. डोळं उघडत नाय. कुणी बघितलं नाय तर पाचव्या-सहाव्या दिवशी..." ललितानं बायजाच्या तोंडाकडं बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. सहाव्या दिवसाची गोष्ट गावात सगळ्यांनाच माहीत होती.

बायजाला एकदम आपल्या पहिल्या पोराचा चौथा दिवस आठवला. सासू चुलीपुढं बसून म्हणाली होती, "राजा माणूस हाय तुझा. तरास देत नाय." आणि वीस वर्षांची बायजा फुलून आली होती. तिनं त्या लांब हातापायांच्या पोराच्या कपाळाला कपाळ लावलं होतं आणि म्हटलं होतं, शहाणं माझं बाळ ते. त्याच्या ओठांशीही बोळाच होता. तिचाही चीक भिंतीलाच गेला होता. आणि नंतरची दोघं जगली ती कुणाच्या नजरेपासून लपवली म्हणून नव्हे. पदराखाली, छातीशी, दिवसरात्र ओढत होती म्हणून जगली.

मग तिला पाचवीची संध्याकाळ आठवली, आणि या वेळी ती पुरती आठवली. छत्तीस वर्षं तिनं सुंदराचं एकच वाक्य जपून ठेवलं होतं. त्याच्यापुढं आणखी वाक्यं होती. "अगं, हे असं काय दिसतंय गं पोर? डोळंच उघडत नाय. इकडं दे बायजे, मी पाजते जरा. माझ्या अंगावर मस्त दूध हाय." असं म्हणून सुंदरानं सुनिताला खाली बसवलं होतं, पोलक्याची गाठसुद्धा सोडली होती. सासू कडाडली होती, "पाचवीच्या दिवशी दुसरीचं दूध? हो बाजूला!" पण सासू लांब होती. सुंदराच्या हातातून बाळ ओढून घेतलं होतं ते बायजानं स्वतः.

देवा रे. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण. नि चोर कोण? ती बाकड्यावर बसल्या बसल्या पुढं-मागं झुलायला लागली. ललितानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला कसं कळलं गं?" बायजानं विचारलं. "आज तर तुझं वर वाडीत लसीकरण व्हतं ना?"

ललिता जरा घुटमळली. "नाव सांगू नको म्हणाली होती. सुंदराकाकी आली सकाळी माझ्या दारात. म्हणाली, भिंतीपल्याड पोरीचा आवाज येत नाय कालपासनं. मी गेले तर हाकलतील, तू जा. आत्ताच्या आत्ता जा."

बायजानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. तरी आवाज बाहेर आलाच, आणि रांगेतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

बाळ चौथ्या दिवशी पेटीतून बाहेर आलं. सिस्टरनं अक्षदाला उशी कशी घ्यायची, बाळाचं तोंड कसं मोठं उघडून लावायचं ते बसून शिकवलं. चिरा भरत आल्या. बाळ ओढायला लागलं, दुपटी ओली व्हायला लागली, ऋतिक प्रत्येक ओलं दुपटं लॉटरी लागल्यासारखा मोजायला लागला. आठवड्यानं घरी सोडलं तेव्हा काटा पुन्हा सहाशेच्या जवळ गेला होता. सगळे म्हणाले, संकट टळलं.

अक्षदा आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बाळ आईच्या हातात देईना. बायजानं हात पुढं केले की म्हणायची, "असू दे, आताच निजलीय." लाडू केले तर खायची, न्हाऊ घातलं तर न्हायची, पण बाळ तिच्या उजव्या कुशीतून हलायचं नाही. बायजा काय म्हणणार? कुठल्या तोंडानं म्हणणार? ती भांडी घासायची, दुपटी धुवायची आणि भिंतीपलीकडच्या पावलांचा आवाज ऐकायची.

सहदेवाला तिनं विचारलं, "तवा तुमी व्हता ना वो पडवीत. सुंदराबाय पाजते म्हणाली, ऐकलं व्हतं का तुमी?"

सहदेवानं विडी पेटवली. "ऐकलं व्हतं."

"मग बोलला का नाय कधी?"

"तू जेवत नव्हतीस. विहिरीच्या काठावर जाऊन बसायचीस. सुंदरावहिनीचं नाव घेतलं की तेवढी चवताळून उठायचीस नि उठलीस की दोन घास खायचीस. म्हटलं, खाऊ दे." त्यानं विडी न ओढताच विझवली. "मग राहूनच गेलं."

बायजाला त्याचा राग आला, फार आला, पण तो राग घेऊन जायचं कुठं ते तिला कळेना. अंगणात जाऊन तिनं जाळीच्या दोऱ्या एकेक करून कापल्या. घरी येऊन पाच दिवस झाले तेव्हा दुपारी ती बाजेपुढं जाऊन उभी राहिली.

"बाळ दे जरा माझ्याकडं."

"कुठं नेतेस?" अक्षदानं विचारलं.

"सुंदराबायकडं."

अक्षदानं आईकडं नीट बघितलं. ललितानं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं बाळ उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि आईच्या हातात दिलं. "मान धर नीट," एवढंच म्हणाली.

अंगण ओलांडायला वीस पावलंसुद्धा लागत नाहीत. बायजानं ते अंतर छत्तीस वर्षांत कापलं नव्हतं. सुंदराच्या पडवीत ऊन होतं. भात निघून गेल्यावर शेतात लावलेल्या वालाच्या शेंगा तिथं ढिगानं पडल्या होत्या आणि सुंदरा भिंतीला पाठ टेकून त्या सोलत बसली होती. केस पांढरेशुभ्र झालेले. इतक्या जवळून बायजानं तिला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"जाऊबाय," बायजा म्हणाली.

सुंदरानं मान वर केली. बायजा दिसली, तिच्या हातातलं दुपटं दिसलं, आणि त्याच क्षणी तिनं हातातली शेंग टाकली नि दोन्ही हातांनी पदर ओढून तोंडावर घेतला. डोळे, कपाळ, हनुवटी, सगळं झाकलं.

"आधी तिला आत ठेवून ये," पदराखालून आवाज आला. "मग बोल काय बोलायचं ते."

"नाय ठेवत. तिला तुमच्या मांडीवर द्यायला आले मी." बायजा खाली बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "जाऊबाय, चूक माझी व्हती. पोराला मी उपाशी मारलं. तुमी पाजत व्हता, मी ओढून घेतलं. आन् वरनं तुमच्या नावानं गाव उठवला. माझ्या जिभेला कीड का नाय पडली? तुमी मला मारा, शिव्या द्या, पण तोंड नका झाकू."

पदर सुंदराच्या श्वासानं हलत होता.

"वजन किती भरलं पोरीचं?" तिनं विचारलं.

"दोन सहाशे. परत भरलं. तुमच्यामुळं भरलं, जाऊबाय. पदर काढा. बघा तरी तिला."

"नको गं."

"अवो, नजर-बिजर काय नव्हती कधी. म्या उठवलेलं ते. मीच सांगतेय ना आता?"

"तू आज सांगतीस, बायजे." सुंदराचा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता. "सुनिताचं पहिलं बाळंतपण माझ्याकडं व्हायचं व्हतं. मी बोलावलं नाय तिला. सासरीच झालं तिचं. फोनवर रडली, म्हणाली, आई, तू ये तरी. मी लाडू केले नि दुसऱ्याच्या हाती धाडले. बारशालाबी नाय गेले. तिचा पोरगा चालाय लागला तवा बघितला मी पहिल्यांदा, तोबी लांबनं. अजून सुनिता माझ्याशी धड बोलत नाय."

"पण का वो?"

"आधी तू म्हणायचीस. मग गाव म्हणाय लागलं. पहिली धा-बारा वर्षं मी मनात म्हणायची, नाय, मी तर पाजाय गेले व्हते. मग एकदा नळावर एका पोराकडं बघून हसले नि त्याला रातीत ताप भरला. दुसऱ्या येळीबी तसंच झालं. सगळी म्हणतात तर असंलच की कायतरी. इतकी माणसं खोटं कशाला बोलतील?"

"पोरांना ताप येतच असतात, जाऊबाय!"

"येत असतील."

बायजानं बाळ पुढं केलं, जवळजवळ सुंदराच्या मांडीला टेकवलं. सुंदरा अंग चोरून भिंतीशी सरकली, आणखी सरकायला जागा नव्हती तरी सरकली. तिचे गुडघे वालाच्या ढिगाला लागून शेंगा पडवीभर घरंगळल्या. त्या गडबडीत बाळ जागं झालं. तोंड वाकडं केलं, हात झाडले आणि खणखणीत टाहो फोडला.

तो ऐकून सुंदराची पाठ ताठ झाली. पदरातच तिनं मान त्या आवाजाकडं वळवली आणि तशीच धरून ठेवली.

"भुकेजलीय ती," सुंदरा म्हणाली. "बसलीस काय? ने, आईला दे जा."

"तुमी एकदा बघा, मग नेते."

"ने म्हणते ना! रडतंय पोर नि तू वाद घालतीस? एकदा शिकलीस ना?"

बायजा उठली. बाळ रडत होतं, अक्षदा पलीकडून हाका मारायला लागली होती. पायरी उतरून बायजानं मागं वळून बघितलं. सुंदरा चाचपडत पडवीतल्या शेंगा गोळा करत होती, आणि बाळाचा आवाज भिंतीआड जाऊन थांबेपर्यंत तिनं पदर काढला नाही.